माझ्या वाटणीचे वडे

आमच्या घरात युरोप म्हणजे विमान बदलायची जागा. मी आठ वर्षांची असताना आईबाबांबरोबर पुण्याहून अमेरिकेत कॅरीला आले, आणि त्यानंतर भारतात जाताना-येताना दर वेळी आम्ही कुठल्या ना कुठल्या युरोपियन एअरपोर्टवर तासन् तास बसून काढले. बाहेर पडायची सोय नाही, कारण व्हिसा नाही. आई काचेला नाक लावून बघत राहायची. दिसायचं काय, तर ओली धावपट्टी आणि सामानाच्या गाड्या. "झाला बाई युरोप बघून," असं म्हणून ती पर्समधून तिखटमिठाच्या पुऱ्या काढायची. शेजारच्या बाकावरचा माणूस वासाने वळून बघायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे आई आजारी पडली तेव्हा एकदा मला म्हणाली, "तू मात्र नीट बघून ये. मैत्रिणींबरोबर जा. नवऱ्याबरोबर जायची वाट बघत बसू नकोस, माझ्यासारखी पुऱ्या खात राहशील." बाबा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं का कधी?" आई म्हणाली, "तुम्ही हो तरी कधी म्हटलंत?" तिघंही हसलो. तिच्या आजारपणात आम्ही तिघं एकत्र हसलो ते तेवढंच मला आठवतंय.

आई गेली तेव्हा मी तिथे नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. मी मॅसॅच्युसेट्समध्ये कॉलेजला होते, मिडटर्म चालू होती. बाबा फोनवर म्हणाले, "जरा ॲडमिट केलंय. रूटीन आहे. तुझा पेपर होऊ दे, मग ये." मी शहाण्यासारखा पेपर दिला. मग विमान पकडलं, आणि वॉशिंग्टनला दुसऱ्या विमानाची वाट बघत असताना बाबांचा फोन आला. ते मला दोनदा "बाळा" म्हणाले आणि पुढे बोलेचनात. बोलायची गरजही नव्हती. मी गेटजवळच्या खुर्चीत बसून राहिले आणि समोरच्या बाईने मला टिश्यूचं अख्खं पाकीट देऊन टाकलं.

बाबांची ही जुनी खोड आहे: लेकीला त्रास नको. मी तिसरीत असताना माझा गोल्डफिश मेला, तर मी शाळेतून यायच्या आत त्यांनी दुसरा आणून बाउलमध्ये सोडला. तो पहिल्यापेक्षा चांगलाच मोठा होता. मी म्हटलं, "बाबा, हा वाढला." बाबा म्हणाले, "हो, वाढला." खरं काय ते मला आईने कॉलेजला जाताना सांगितलं, तोवर मी लोकांना आमचा मासा एका दिवसात कसा वाढला ते छाती फुगवून सांगत असे. आईच्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. मला त्रास नको म्हणून मला पोचूच दिलं नाही. मी त्यांना तसं बोलले नाही. मी तोंडाची फटकळ, नाकावर राग असलेली मुलगी, पण त्या आठवड्यात बाबांच्या चेहऱ्याकडे बघून मलाही ब्र काढता आला नाही.

मग मी मनाशी एक गोष्ट ठरवली. वर्षश्राद्धाला मी असणार. कॉलेज गेलं खड्ड्यात, कोण आडवं येतंय बघते. आईच्या फोटोसमोर, बाबांच्या शेजारी, मी बसणार. बाकी मला श्राद्धातलं काही कळत नव्हतं. काय करतात, कोणाला बोलावतात, काय रांधतात. एवढंच माहीत होतं की माणूस गेल्याला वर्ष झालं की ते करतात, आणि मार्चच्या अखेरची ती तारीख तर माझ्या कपाळावर कोरलेली होती.

वर्षभर बाबा आणि मी आईबद्दल बोलत नव्हतो. फोन रोज व्हायचा. जेवलीस का, थंडी किती आहे, गाडीचं ऑइल बदललं, घरामागच्या लाकडी डेकवर खारी फार झाल्यात. आई वगळून दोन माणसं किती बोलू शकतात ते बघून मला कमाल वाटायची. जानेवारीत एकदा बाबाच म्हणाले, "वर्षश्राद्धाचं पुण्याच्या गुरुजींशी बोललोय. ते व्हिडिओवर सांगतील सगळं." मी म्हटलं, "मी असणार आहे." ते म्हणाले, "बघ बाई, तुझ्या कॉलेजचं बघून." मी पुन्हा म्हटलं, "बाबा, मी असणार आहे." ते "बरं" म्हणाले आणि आम्ही पुन्हा खारींवर आलो.

ट्रिप माझ्या रूममेटने काढली. ती ओहायोची, शिस्तीची, तिच्याकडे मोज्यांचेसुद्धा रंगवार कप्पे. तिसरी होती आमची बेलव्ह्यूवाली. तिचे आईवडील दोघं मराठी डॉक्टर, ती मात्र अमेरिकेतच, बेलव्ह्यू गावात जन्मलेली. तिच्या मराठीत "आई गं", "बस झालं" आणि खायचे पदार्थ एवढंच धड होतं, बाकी निम्मं इंग्रजी, आणि सगळ्याला शेवटी "यार" लावायची. आमच्या कॉलेजला स्प्रिंग ब्रेक दोन आठवड्यांचा असतो. पोर्तुगाल, स्पेन, मग फ्रान्सच्या किनाऱ्याने इटली, असा दक्षिण युरोप करायचा ठरला. मला आईचं बोलणं आठवलं आणि मी हो म्हटलं. एकच अट घातली: रोमहून मी त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचलं पाहिजे. रूममेटने तसं तिकीट शोधलं. फेब्रुवारीत मी सगळा कार्यक्रम, कुठल्या दिवशी कुठे, बाबांना पाठवला. ते म्हणाले, "छान आहे. मजा करा." मग म्हणाले, "आईला आवडलं असतं." मला बरं वाटलं. मी घरी कधी येतेय ते त्यांनी बघितलं, असं मी धरून चालले.

तीन मुली एकत्र प्रवासाला निघाल्या की होतं तेच झालं. लिस्बनमध्ये चढ चढून पाय मोडले. एकीला भूक लागली की दुसरीला म्युझियम बघायचं असे. सेव्हिलला पोचेपर्यंत रूममेटच्या मोज्यांचे कप्पे पार कोलमडले होते. पण सेव्हिल मला आवडलं. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं, लगडलेली, आणि कोणी हात लावत नाही. बेलव्ह्यूवालीने एक तोडून चावा घेतला आणि तिथल्या तिथे थुंकला. कडूजहर. "यार, एवढे oranges आणि एकही खायचा नाही, it's criminal." मला हसू आवरेना. आई असती तर पिशव्या भरभरून नेली असती आणि संध्याकाळपर्यंत लोणचं घातलं असतं, असं मला अगदी स्पष्ट दिसलं.

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही एका चौकात बाहेर मांडलेल्या टेबलांवर बसलो होतो. तेलात लसूण घालून परतलेले प्रॉन्स आले होते, त्या दोघींची वाइन, माझीही वाइन. शेजारी कोणी गिटार वाजवत होतं. बाबांचा फोन आला. आमचा फोन एरवी मी झोपायच्या आधी व्हायचा, त्यामुळे मी जरा दचकलेच.

"बाबा? आत्ता कसा फोन? तिकडे दुपार ना, ऑफिस नाही?"

"आज सुट्टी घेतली," बाबा म्हणाले. मागे भांड्यांचा, माणसांचा आवाज येत होता.

"कोण आलंय?"

"काकू वगैरे. जेवायला बोलावलंय." काकू म्हणजे आमच्याच गल्लीतल्या, आईच्या मैत्रीण, नागपूरच्या. आई गेल्यापासून दर शुक्रवारी बाबांना डबा देणाऱ्या.

मला इतकं बरं वाटलं. बाबा माणसांत बसतायत, सुट्टी घेतायत, लोकांना जेवायला बोलावतायत. "वा, मजा आहे तुमची," मी म्हटलं. "मी पण खातेय. प्रॉन्स, बाबा, काय सांगू. आणि इथे रस्त्यावर संत्री आहेत, पण कडू. आई असती ना, तर लोणचंच घातलं असतं सगळ्याचं." आणि मी हसले. वाइनही होतीच.

पलीकडचा भांड्यांचा, माणसांचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग बाबा म्हणाले, "हो. घातलं असतं. नीट राहा हं. नमस्कार कर."

"कोणाला?"

"सगळ्यांना कर. काकूंना."

"नमस्कार हो सगळ्यांना," मी ओरडून म्हटलं, गिटारच्या वरताण. फोन ठेवला आणि प्रॉन्स संपायच्या आत माझे काढून घेतले. वर्षभरात बाबांपाशी आईचं नाव मी पहिल्यांदाच काढलं होतं, हे झोपताना माझ्या लक्षात आलं. जखम भरत आली वाटतं, असं म्हणून मी कूस बदलली.

पुढे बार्सेलोना झालं, नीस झालं. समुद्र इतका निळा की खोटा वाटावा. भांडण झालं ते फ्लॉरेन्सला. हॉस्टेलच्या किचनमध्ये पास्ता शिजत होता आणि दोघींनी मिळून नवीनच काढलं: रोमनंतर नेपल्सला जायचं, तिकिटं दोन दिवस पुढे ढकलायची, तिथला समुद्र बघितल्याशिवाय परत गेलो तर मूर्ख ठरू. मी म्हटलं, मला जमणार नाही, तुम्हाला माहीत आहे. रूममेट फार हळुवारपणे म्हणाली की तुझे बाबा समजून घेतील. बेलव्ह्यूवाली म्हणाली, "यार, you can do it on Saturday. आपलं सगळं Saturday लाच असतं ना."

तिचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकेत आमचे सगळे सण शनिवारी येतात. गणपती शनिवारी, संक्रांत शनिवारी, दिवाळी तर हायस्कूलचा हॉल मिळेल त्या शनिवारी, मग ती थँक्सगिव्हिंगला टेकली तरी बेहत्तर. आम्ही त्यातच वाढलो. आई दर वर्षी पुण्याहून मराठी कॅलेंडर मागवून पँट्रीच्या दाराला आतून टांगायची आणि एकटीच बघायची. सण हॉलमध्ये शनिवारी झाला तरी घरात ती त्याच्या खऱ्या दिवशी निदान एक निरांजन लावायचीच. बाबा आणि मी त्या दाराआडून फक्त चिवडा काढायचो.

पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "हे दिवाळीचं स्नेहसंमेलन नाही. माझी आई शनिवारी गेली नव्हती. ज्या दिवशी गेली त्याच दिवशी करतात, समजलं? त्याच दिवशी." मराठीत सुरू केलं ते इंग्रजीत संपलं, आणि अख्खं किचन वळून बघायला लागलं. बेलव्ह्यूवालीचे डोळे भरले. रूममेटने गॅस बंद केला. पास्ता तिघींनीही खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सावकाश निघणार होत्या, मी एकटीच पहाटे निघाले. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं: त्या दिवशी गाड्यांचा संप. स्टेशनवर बोर्डभर लाल अक्षरं. मी धावत बसस्टँड शोधला, जी बस रोमला जाते म्हणाले तिच्यात चढले, आणि पाठीवरची बॅग मांडीवर घेऊन घामाघूम बसले. त्या दिवसापासून मी मांसमच्छी बंद केली होती. आईच्या दिवसाआधी थोडं तरी शुद्ध राहावं म्हणून. विमानातसुद्धा फळं आणि ब्रेड खाल्ला, आणि फोनवर उडदाच्या वड्यांचे व्हिडिओ बघत बसले. श्राद्धाला वडे आणि खीर लागते एवढं शोधून काढलं होतं. डाळ किती वेळ भिजवायची, मीठ कधी घालायचं, भोक कसं पाडायचं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, डोनट का? मी म्हटलं, हो, तसंच.

बाबा एअरपोर्टवर घ्यायला आले होते. वर्षात खूप बारीक झालेत, ते मला सरकत्या जिन्यावरून दिसलं. गाडीत त्यांनी ट्रिपचं विचारलं, मी सांगितलं. भांडणाचं नाही सांगितलं. घरी आले तर दिवाणखान्यात आईच्या फोटोला चंदनाचा नवा हार होता. तयारी झालेली दिसतेय, असं मी म्हटलं, मनातल्या मनात. "दमलीयस, झोप," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "सकाळी मला लवकर उठवा." ते म्हणाले, "झोप की हवी तेवढी, सुट्टीच आहे ना." मला वाटलं, माझे लाड चाललेत.

मी त्यांच्या आधी उठले. डोक्यावरून अंघोळ केली. आईच्या कपाटातून तिची जांभळी सिल्कची साडी काढली आणि आरशासमोर तीनदा सोडून तीनदा नेसले. निऱ्या कशाबशा बसल्या. कपाटाला अजून तिचा वास होता, तिच्या पावडरचा. मग पदर खोचून, उडदाची डाळ भिजवायची म्हणून, मी किचनमध्ये आले.

बाबा टेबलाशी उभे होते. ऑफिसचा शर्ट, गळ्यात ऑफिसचा बॅज, हातात सीरियलचा बाउल.

"ऑफिस?" मी म्हटलं. "आज?"

"हो. का गं?" ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. साडीकडे, ओल्या केसांकडे, हातातल्या डाळीच्या पिशवीकडे. त्यांना माझ्या आधी कळलं. चमचा बाउलमध्ये ठेवला तो ठणकन वाजला.

"अगं," ते म्हणाले. "झालं ना ते."

"काय झालं?"

"वर्षश्राद्ध. फाल्गुन वद्य तृतीया. ते तिथीने करतात, बाळा. तारखेने नाही. यंदा लवकर आली तिथी. तू स्पेनमध्ये होतीस. मी फोन केला होता बघ, सोमवारी."

मी वळून पँट्रीचं दार उघडलं. आतल्या बाजूला नवीन कॅलेंडर लटकत होतं. आई नसताना ते कोणी मागवलं, कोणी टांगलं, मी विचारलं नाही. सेव्हिलचा सोमवार तिथे होता, त्याच्याभोवती बाबांच्या पेनाने गोल काढला होता, आणि गोलात तृतीया छापलेली होती. शुक्रवार, म्हणजे माझी ती तारीख, कोरा होता. ज्या तारखेसाठी मी एका मैत्रिणीला रडवलं, संपातून बस काढली, ब्रेड खात समुद्र ओलांडला, ती तारीख तिथे नुसता एक शुक्रवार होती.

वरातीमागून घोडं म्हणतात ते मी. साडी नेसलेलं.

"मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं. "एक शब्द, बाबा. एक शब्द बोलला असतात तर मी तिकीट फाडून टाकलं असतं."

"तू सगळा कार्यक्रम पाठवलास त्यात तो सोमवार स्पेनमध्ये होता. मला वाटलं, तू बघूनच ठरवलंयस. आईनेच जा म्हटलं होतं ना तुला. मग मी कशाला मध्ये येऊ? म्हटलं, जाऊ दे. तिथे रडत बसली असतीस. तुला त्रास..."

"त्रास नको," मी म्हटलं. आणि मग जे वर्षभर दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. "हा गोल्डफिश आहे का, बाबा? मरू दे, मी घरी यायच्या आत तुम्ही सगळं आवरून ठेवणार. ती गेली तेव्हाही हेच. पेपर होऊ दे, मग ये. मला कधी कुठे पोचू देणार आहात का तुम्ही? ती माझी पण होती."

बाबांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. त्यांच्या बॅजवरच्या फोटोत ते अजून जाड होते, तो आई असतानाचा फोटो. मला एकदम त्यांची इतकी कीव आली, आणि राग तर जाईना. दोन्ही एकदम पोटात कसं मावतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग ते फ्रीझरकडे गेले. वाकून मटारच्या पिशव्या, पोळ्यांची पाकिटं बाजूला केली आणि तळातून दह्याचे दोन मोठे डबे काढले. आमच्या घरात दह्याच्या डब्यात दही सोडून सगळं असतं. त्यांनी झाकणं काढून ते माझ्यासमोर ठेवले. एकात खीर, बर्फाच्या फुलांनी भरलेली. दुसऱ्यात फॉइलमध्ये गुंडाळलेले उडदाचे वडे, अळूवडी, आणि चिमुकल्या वाटीत आमसुलाची चटणी.

"काकू म्हणाल्या, श्राद्धाचं उरलेलं ठेवत नाहीत," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, हे उरलेलं नाही. हे तिच्या वाटणीचं आहे. आधीच काढून ठेवलं, कोणी जेवायला बसायच्या आत."

मी खाली बसले. किचनच्या फरशीवर, आईच्या सिल्कच्या साडीत, ओव्हनला टेकून. मला रडता आलं तिथे. बाबांनी वडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवले आणि त्याच्या गोल फिरणाऱ्या ताटलीकडे बघत, माझ्याकडे पाठ करून, बोलायला लागले. वर्षभरात ते इतकं सलग बोलले नव्हते.

"गुरुजी लॅपटॉपवर होते. तिकडे त्यांना झोप येत होती. काकूंनी सगळं रांधलं. कावळ्याचं म्हणून डेकवर पान ठेवलं, तर खार आली. काकू म्हणाल्या, चालतं, अमेरिकेत खारच सही." ते जरासे हसले. "मग आईच्या फोटोपुढे पान वाढलं. गुरुजी म्हणाले, आता मुलांना नमस्काराला बोलवा. आता मुलं कुठली? मी इकडे तिकडे बघितलं. मग तुला फोन लावला. स्पीकरवर टाकून फोन पानाशेजारी ठेवला."

मायक्रोवेव्ह वाजला. त्यांनी तो उघडला नाही.

"तू प्रॉन्सचं बोलायला लागलीस, काकूंनी डोळेच मिटले. मला वाटलं, बंद करावा. पण तू संत्र्यांचं बोललीस. आई असती तर लोणचं घातलं असतं म्हणालीस. आणि हसलीस. इतक्या दिवसांत तुझं हसू ऐकलं नव्हतं मी. मग तुला नमस्कार करायला सांगितलं. तू केलास. गुरुजी म्हणाले, झालं, पोचलं."

मी गुडघ्यात डोकं घातलं होतं. मला तो चौक आठवत होता, ती गिटार, लसणाचा वास, आणि माझा तो ओरडून केलेला नमस्कार. सगळ्यांना, काकूंना. मी त्या दिवशी आईच्या पानापुढे होते, आणि मलाच कोणी सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर मी काय बोलले असते? नीट बोलले असते. हळू बोलले असते. प्रॉन्सचं नक्कीच बोलले नसते. तिला काहीतरी सांगितलं असतं जे वॉशिंग्टनच्या गेटपासून माझ्याकडे तसंच पडून होतं, आणि आजही आहे.

बाबा वडे घेऊन माझ्याशेजारी खाली बसले. गुडघे वाजले त्यांचे. ऑफिसला आता उशीर झाला होता, त्यांनी घड्याळ बघितलं नाही. वडा बाहेरून चामड्यासारखा झाला होता आणि मधोमध अजून गार होता. मी तो चावत राहिले.

"पुढच्या वर्षी मला आधी सांगाल?" मी विचारलं.

"सांगीन," ते म्हणाले. "पण तू कामात असलीस तर..."

"बाबा."

"सांगीन म्हटलं ना."

त्यांनी गळ्यातला बॅज काढून फरशीवर ठेवला, एक वडा मोडून अर्धा स्वतः घेतला, आणि खीर वितळायला काढून ठेवली.